पाच ओळींच्या कागदावर बोट देऊ नका : आमच्या बोट क्लबच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

मा. अध्यक्ष, सेक्रेटरी आणि कार्यकारिणीचे सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

जेट्टीवर तुम्ही नवीन कागद लॅमिनेट करून लावलाय, 'पाण्यावरचे पाच सोपे नियम', आणि त्याच्याच खाली नोटीस आहे की बोट देण्याआधीचं अर्ध्या दिवसाचं पाण्यावरचं ट्रेनिंग आता बंद, कागद वाचून सही केली की बोट मिळेल. मी आधी तोंडी बोललो, मग मेल केला, मग सेक्रेटरीसाहेबांना परत गाठलं, उत्तर एकच, "लोकांना एवढं किचकट नको असतं हो, मजा करायला येतात." म्हणून आता उघड लिहितोय. त्या खाडीत आपल्या सभासदांशिवायही माणसं असतात, जाळी टाकणारे असतात, कयाकवाले असतात, बार्जवाले असतात, त्यांनी आपला कागद वाचलेला नाही आणि वाचायची गरजही नाही, पण आपण सही घेऊन सोडलेली बोट त्यांच्याच अंगावर जाणार आहे.

माझा यात काय संबंध ते पण सांगतो. शिकाऊ मुलांच्या बॅचमागे सेफ्टी बोट मी चालवतो, पगार नाही काही नाही, आवड म्हणून. माझी मुलगी त्याच बॅचमध्ये शीड शिकतेय. म्हणजे पाण्यावर जे काही वेडंवाकडं होतं ते माझ्या डोळ्यासमोर होतं, आणि ज्यांच्या बाबतीत होतं त्यातली एक माझ्या घरची आहे.

ट्रेनिंग बंद झाल्यानंतर लगेचच काय झालं ते बघा. मुलांच्या छोट्या शिडाच्या बोटी खाडीच्या रुंद भागात सराव करत होत्या आणि क्लबचीच भाड्याची मोटरबोट आडवी येत होती. चालवणाऱ्याने मुलांना बघितलं होतं, त्यात वाद नाही. त्याने जरासं डावीकडे घेतलं, मग जरासं उजवीकडे, मग परत डावीकडे, स्पीड तोच. सगळ्यात पुढच्या बोटीतला मुलगा बारा-तेरा वर्षांचा, तो बघतोय बघतोय आणि त्याला कळेना की हा माणूस आपल्या पुढून जाणार का मागून. शेवटी घाबरून त्याने सुकाणू ढकललं आणि बोट फिरवली, आणि नेमकी त्याच सेकंदाला मोटरबोट पण त्याच बाजूला वळली. बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, त्याच्या डोक्यावरून गेला, शीड फडफडायला लागलं, बोट जागच्या जागी उभी राहिली, आणि मोटरबोट एका वल्ह्याच्या अंतरावरून निघून गेली. मी जाऊन त्या गृहस्थांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "मी दिली ना वाट, कागदावर लिहिलंय तसं."

आणि गंमत म्हणजे ते खोटं बोलत नव्हते. कागदावर तेवढंच लिहिलंय, इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला वाट द्यावी. वाट कशी द्यायची ते लिहिलेलं नाही, आणि ज्याला वाट मिळते त्याने तोवर काय करायचं त्यावर तर एक अक्षर नाही. जिन्यात दोन माणसं समोरासमोर येतात आणि दोघं एकाच बाजूला सरकतात, मग परत दोघं दुसऱ्या बाजूला सरकतात, तसं हे झालं, फरक एवढाच की बोटीला ब्रेक नसतो.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. पाण्यावरचे नियम 'कोण पहिला जाणार' एवढंच सांगून थांबत नाहीत, ते दोघांनाही कामं वाटून देतात. तुम्ही एकाचं काम अर्धं सांगितलंत आणि दुसऱ्याचं पूर्ण गाळलंत.

"ते नियम मोठ्या जहाजांसाठी असतात, आपल्याला कुठे लागू" असं एका सदस्यांनी मला ऐकवलं. त्यांच्यासाठी थोडक्यात. हे १९७२ चे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, जगभर कोलरेग म्हणतात त्यांना, १५ जुलै १९७७ पासून लागू आहेत, त्याआधी १९६० चे होते. पहिल्याच नियमात म्हटलंय की समुद्र आणि समुद्राला जोडलेलं जे पाणी जहाजं वापरू शकतात त्या सगळ्यावर हे लागू. आपल्या खाडीत जहाजं येतात, रोज दिसतात. तिसऱ्या नियमात बोट कशाला म्हणायचं तेही दिलंय, पाण्यावरून न्या-आण करायला वापरता येईल असं काहीही, पाण्यावर उतरणारं विमानसुद्धा त्यात धरलंय, मग आपली जेट स्की कशी सुटेल? बंदर, नदी, तलाव यांच्यासाठी सरकारी यंत्रणेला वेगळे नियम करता येतात, पण तेही मूळ नियमांच्या शक्य तितके जवळ असले पाहिजेत असं तिथेच लिहिलंय. क्लबची कार्यकारिणी ही काही ती यंत्रणा नव्हे.

आता एकेक तक्रार.

पहिली आणि सगळ्यात मोठी : ज्याला वाट मिळते त्याचं काम गायब आहे.

नियम १७. ज्या बोटीला वाट मिळते, स्टँड-ऑन म्हणतात ती, तिने आपली दिशा आणि आपला वेग कायम ठेवायचा. हे तिच्यावर बंधन आहे, बक्षीस नाही. कारण समोरचा तुमच्याकडे बघून हिशोब करतोय, की ही अशीच जात राहिली तर मी हिच्या मागून जाईन, आणि तुम्ही मधेच वळलात किंवा हळू झालात की त्याचा हिशोब फिसकटला. त्या मुलाला हे नीट शिकवलेलं होतं, पण त्याच्या समोरच्याला वाट देता येत नव्हती, मग पोरगं किती वेळ धीर धरेल?

आणि पुढचं जास्त महत्त्वाचं, तेही कागदावर नाही. समोरचा काही करत नाहीये असं स्पष्ट दिसायला लागलं की स्टँड-ऑन बोटीला स्वतः हालचाल करायची परवानगी आहे. आणि अजून जवळ आलं, इतकं जवळ की आता त्याने एकट्याने काही केलं तरी टक्कर टळणार नाही, तिथे परवानगीचं बंधन होतं, तुम्ही केलंच पाहिजे. 'माझा हक्क होता' म्हणून सरळ जाऊन आपटलात तर चूक तुमचीही धरतात. त्यात एक बारकावा आहे जो मी प्रत्येक बॅचला घसा कोरडा करून सांगायचो. इंजिनाच्या दोन बोटी आडव्या येत असतील आणि समोरची तुमच्या डाव्या हाताला असेल, तर अशा वेळी होता होईल तो डावीकडे वळायचं नाही. कारण तो उशिरा का होईना जागा झाला तर उजवीकडेच वळणार, आणि तुम्ही डावीकडे गेलात तर दोघं एकाच ठिकाणी भेटता.

वाट देणाऱ्याचं काम नियम ८ आणि १६ मध्ये आहे. लवकर करा, मोठं करा, समोरच्याला डोळ्याने दिसेल एवढं करा. थोडं थोडं इकडे थोडं तिकडे असं करू नका हे अगदी शब्दात सांगितलंय. आमच्या त्या गृहस्थांनी नेमकं तेच केलं.

इथे कुणी म्हणेल की हा हौशी लोकांचा प्रॉब्लेम आहे. नाही हो. १७ जून २०१७ ला जपानजवळ अमेरिकी नौदलाची विनाशिका फिट्झगेराल्ड आणि एसीएक्स क्रिस्टल हे मालवाहू जहाज एकमेकांवर आदळलं, ७ नौसैनिक गेले. मालवाहू जहाज विनाशिकेच्या उजव्या बाजूला होतं, म्हणजे वाट विनाशिकेने द्यायची होती, ती दिली गेली नाही, धोक्याचा भोंगाही वाजवला नाही, असं खुद्द नौदलाच्या अहवालात आहे. रडार, प्रशिक्षित माणसं, सगळं होतं. तिथे हे होतं तर कागदावर सही करून निघालेल्या माणसाकडून आपण काय अपेक्षा करतोय?

दुसरी : 'इंजिनाच्या बोटीने शिडाच्या बोटीला नेहमी वाट द्यावी.'

हे वाक्य मी शिडाच्या लोकांकडूनच सगळ्यात जास्त ऐकतो आणि राग येईल म्हणून कुणी त्यांना सांगत नाही, की 'नेहमी' नाही. ज्या नियम १८ मधून हे उचललंय त्याची सुरुवातच अपवादांनी होते.

मागून येऊन कुणाला ओलांडत असाल तर वाट तुम्हीच द्यायची, शीड असो नाहीतर इंजिन. समोरच्याच्या बरोब्बर आडव्या रेषेच्या साडेबावीस अंशांहून जास्त मागच्या कोनातून तुम्ही येताय म्हणजे तुम्ही ओलांडणारे, शंका असेल तरी स्वतःला ओलांडणारा समजा, आणि पूर्ण पुढे जाऊन मोकळे होईपर्यंत ती जबाबदारी तुमचीच, मधे कोन बदलला म्हणून सुटका नाही. चांगला वारा असला की आपल्या शिडाच्या बोटी मच्छीमारांच्या हळू जाणाऱ्या बोटींना सहज मागे टाकतात, आणि वर त्यांनाच ओरडतात की बाजूला व्हा. हे मी कितीदा ऐकलंय.

शीड वर आहे पण इंजिन पण चालू आहे, तर ती बोट नियमासाठी इंजिनाची. दिवसा तिने पुढे टोक खाली असलेला काळा शंकू लावायचा असतो. आपल्या क्लबात तो शंकू कुणी शेवटचा कधी बघितला ते सांगा.

मासेमारी करणारी बोट, म्हणजे जाळं किंवा दोर पाण्यात आहेत आणि त्यामुळे तिला हवं तसं वळता येत नाही, तिला शिडाच्या बोटीनेसुद्धा वाट द्यायची आहे. गळाची एखादी दोरी मागे ओढत जाणारा यात येत नाही, पण जाळंवाला येतो. त्यांची खूण दिवसा टोकाला टोक लावलेले दोन शंकू, रात्री पांढऱ्यावर लाल दिवा, ट्रॉल, म्हणजे मागे ओढायचं जाळं, ओढत असतील तर पांढऱ्यावर हिरवा. तुमच्या पाच ओळींत मच्छीमार नाहीतच. खाडी जणू आपलीच आहे. मोकळ्या पाण्यात आपल्या पोरांनी त्यांच्या जाळ्यावरून बोट नेली तर नुकसान त्यांचं आणि अंगात घुसलेला माज आपला. चॅनलमध्ये, म्हणजे जहाजांच्या ये-जा करायच्या खोल वाटेत, मात्र त्यांच्यावरही बंधन आहे, तिथे इतरांच्या वाटेत यायचं नाही, हे पण सांगायला पाहिजे, म्हणजे दोन्ही बाजूंनी सरळ बोलता येईल.

त्याच यादीत, अजून वर, सुकाणूच बिघडल्यामुळे वळू न शकणारी बोट आणि गाळ काढणाऱ्या ड्रेजरसारखी कामामुळे अडकलेली बोट, यांनाही सगळ्यांनी वाट द्यायची. कयाक आणि वल्ह्याच्या होडीचं मात्र त्या यादीत वेगळं नावच नाही, तिथे डोकं वापरायचं, नियम २ आहेच की नियम पाळले म्हणून अक्कल वापरण्यातून सुटका नाही.

आणि चॅनल. नियम ९ : २० मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा कुठल्याही शिडाच्या बोटीने, जे जहाज फक्त त्या अरुंद चॅनलमधूनच सुरक्षित जाऊ शकतं त्याच्या वाटेत यायचं नाही. जहाजाच्या खाली पाणी कमी आहे, ते बॉयांच्या, म्हणजे वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या, बाहेर गेलं तर गाळात बसेल, त्याला आपल्यासाठी वळताच येणार नाही. वरून आपण दिसतो हाही गैरसमज आहे. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जिथून ते चालवतात त्या जागेवरून, पुढच्या टोकापुढचं पाणी दोन जहाजांच्या लांबीएवढं किंवा ५०० मीटर, यातलं जे कमी असेल तेवढंच झाकलेलं चालतं. म्हणजे ५०० मीटरपर्यंत पाणी झाकलेलं असू शकतं आणि ते कायदेशीर आहे! १० नॉटने (ताशी साधारण साडेअठरा किलोमीटर) येणारं जहाज ५०० मीटर अंतर दीड मिनिटाच्या थोडं पुढेमागे कापतं. त्या पट्ट्यात शिडाची छोटी बोट वारा पडून उभी राहिली तर वर उभ्या माणसाला ती दिसणारच नाही. आणि आपल्या कागदावर वाचून आलेला माणूस विचार करतोय, माझं शीड आहे, तो मला नेहमी वाट देईल.

तिसरी : 'उजवीकडून येणाऱ्या बोटीला पहिला हक्क.'

इंजिनाच्या दोन बोटी आडव्या येत असतील तरच. शिडाच्या दोन बोटींत वारा कुठल्या बाजूने लागतोय ते बघतात, उजवं-डावं नाही. इंजिनाच्या दोन बोटी समोरासमोर येत असतील तर दोघांनीही उजवीकडे वळायचं, म्हणजे डाव्या बाजू एकमेकींसमोरून जातात. आणि आडवं येताना वाट देणाऱ्याने शक्यतो समोरच्याच्या पुढून जायचं नाही, हळू व्हा नाहीतर मागून जा. हे एक वाक्य कागदावर असतं तरी त्या दिवशीचं टळलं असतं बहुतेक.

रात्रीचं तर बोलायलाच नको. तुम्ही सूर्यास्ताच्या राइड चालू केल्यात, चांगलं आहे, लोक खूश आहेत, पण दिव्यांचं काय? बोटीच्या डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, प्रत्येकी एकशे साडेबारा अंश, मागे पांढरा १३५ अंश, तिन्ही मिळून पूर्ण गोल. याचा उपयोग असा की तुमच्या उजवीकडून आडवी येणारी बोट तुम्हाला तिचा लाल दिवा दाखवते, आणि तुम्ही तिला तुमचा हिरवा. इंजिनाच्या दोन बोटी असतील तर उजवीकडे लाल दिसला की वाट तुम्ही द्यायची. लाल-हिरवा दोन्ही एकदम दिसले तर ती सरळ तुमच्यावर येतेय. एवढं साधं आहे, जेट्टीवर अंधारात दोन टॉर्च घेऊन उभं केलं की सहज समजतं, पण लॅमिनेट केलेल्या कागदावरून नाही समजत.

चौथी : नजर.

पाच नियमांत 'बघा' हा नियमच नाही. कोलरेगमध्ये तो पाचवा आहे, वाट देण्या-घेण्याच्या सगळ्या नियमांच्या आधी. डोळ्याने, कानाने आणि जे जे साधन आहे त्याने सतत लक्ष ठेवा. आपल्या भाड्याच्या बोटीत मोठ्याने गाणी, चालवणारा मागे वळून मोबाइलवर फोटो काढतोय, हे दृश्य रोजचं आहे. २० ऑगस्ट १९८९ च्या रात्री थेम्स नदीवर मार्शनेस ही पार्टीची बोट आणि बोबेल हे ड्रेजर एकाच दिशेने जात होते, आदळले, ५१ माणसं बुडाली. चौकशीत मुख्य कारण काय निघालं तर दोन्हीकडे नीट नजर नव्हती. दोन्हीकडे, हे लक्षात घ्या.

आणि नुसतं बघून पण भागत नाही, टक्कर होणार का हे कसं ओळखायचं ते शिकवावं लागतं. आपली दिशा स्थिर ठेवायची आणि समोरची बोट आपल्या बोटीच्या एखाद्या ठिकाणाशी जुळवायची, शिडाच्या बोटीत डोलकाठीला बाजूने ताणलेली तार असते ती घ्या. थोड्या वेळाने परत बघा. तारेच्या पुढे सरकली तर पुढून जाईल, मागे सरकली तर मागून. तिथेच आहे आणि मोठी होतेय, तर आदळणार. होकायंत्राने केलं तर अजून पक्कं. शंका असेल तर धोका आहे असंच धरायचं, हे नियम ७ मध्ये आहे. मुलांना हे एकदा पाण्यावर दाखवलं की ती स्वतःच खेळ म्हणून करत बसतात, आमच्या घरी तर आता फेरीबोटीत बसलो तरी खांबाशी जुळवून बघणं चालू असतं.

धुक्यात आणि जोराच्या पावसात तर पूर्ण चित्रच बदलतं. एकमेकांना डोळ्याने बघू शकत नसाल तर कुणीच स्टँड-ऑन नाही, दोघांनीही सावध, हळू, आवाज देत. २५ जुलै १९५६ ला आंद्रेआ डोरिया आणि स्टॉकहोम या दोन मोठ्या जहाजांनी एकमेकांना रडारवर बघितलं होतं, तरी एक डावीकडे वळलं आणि एक उजवीकडे, आणि आदळले. आपल्या कागदावर धुकं नाही, पाऊस नाही.

पाचवी : 'शंका आली तर थांबा.'

वेग कमी करणं, गरज पडली तर बोट उभी करणं हे नियमांत आहेच, म्हणून हे पूर्ण चूक आहे असं मी म्हणत नाही. पण शिडाची बोट थांबत नाही, वाऱ्यात तोंड घालून उभी केली तरी सरकत राहते. इंजिनाची बोट गिअर काढला तरी बरीच पुढे जाते. आणि जेट स्की! जेट स्कीला सुकाणू नसतं, मागून जो पाण्याचा झोत येतो तोच वळवतो. घाबरलेला नवा माणूस पहिली गोष्ट काय करतो तर थ्रॉटल सोडतो, आणि थ्रॉटल सोडला की झोत गेला, मग हँडल कितीही फिरवा, ती आहे त्या दिशेला सरळ जाते. काही नवीन मॉडेलमध्ये याच्यावर थोडी सोय केलीय, आपल्याकडच्या जुन्या आहेत. म्हणजे 'शंका आली तर थांबा' हे जेट स्कीवाल्याला सांगणं म्हणजे त्याला धडकेच्या रेषेवर हात सोडून बसवणं. हे कुणीही जेट स्की चालवणाऱ्या पोराने तुम्हाला सांगितलं असतं, विचारलं असतंत तर.

शंका आली तर करायची गोष्ट वेगळी आहे, पाच छोटे जलद भोंगे किंवा शिट्ट्या. 'तू काय करतोयस ते मला कळत नाहीये.' एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळतोय, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं टाकलंय. १२ मीटरपेक्षा लहान बोटीतही आवाज करायचं काहीतरी साधन असलंच पाहिजे. आपल्या किती भाड्याच्या बोटींत भोंगा वाजतो ते एकदा स्वतः जाऊन बटण दाबून बघा.

राहिलेल्या दोन ओळींबद्दल पटकन. 'लहान बोटीने मोठ्या बोटीपासून दूर राहावं' हे चॅनलमध्ये बरोबर, मोकळ्या पाण्यात आकाराचा काही संबंध नाही, पण ही ओळ वाचून मोठ्या क्रूझरवाल्या सभासदांना अंगात आलंय, पोरांच्या मधून लाटा मारत जातात आणि वर कागद दाखवतात. 'स्टारबोर्ड टॅकवाली पुढे', म्हणजे जिला वारा उजव्या बाजूने लागतोय ती पुढे, हे बरोबर आहे पण अर्धं आहे, दोघींना वारा एकाच बाजूने लागत असेल तर वारा येतो त्या बाजूच्या बोटीने पलीकडच्या बोटीला वाट द्यायची, हे राहिलंय. आणि रेसवाल्यांना एक विनंती, रेसचे नियम तुमच्या तुमच्यात, बाहेरच्या बोटीशी गाठ पडली की तुम्हालाही कोलरेगच. दोन लहान मुलांना घेऊन फिरायला निघालेल्या माणसावर लांबून "स्टारबोर्ड!" म्हणून खेकसलात तर त्याला वाटतं काहीतरी पाण्यात पडलंय, तो वाकून बघायला लागतो. खरंच असं झालेलं मी बघितलंय.

तर मागण्या. यातली एकही महाग नाही.

१. तो कागद आजच्या आज काढा. त्याच्या जागी दोन बाजूंचा तक्ता लावा, वाट देणाऱ्याने काय करायचं आणि जिला वाट मिळते तिने काय करायचं, शेजारी शेजारी, चित्रांसकट. मजकूर मी फुकट लिहून देतो, कुणाही परवानाधारक मास्टरकडून, म्हणजे कप्तानाकडून, तपासून घ्या.

२. पाण्यावरचं ट्रेनिंग परत चालू करा. अर्धा दिवस जमत नसेल तर दोन तास करा, पण प्रत्येकाने प्रत्यक्ष बोटीत बसून एकदा वाट द्यायची, एकदा सरळ जायचं आणि एकदा समोरचा वळत नाहीये हे ओळखून स्वतः वाचायचं, एवढं झाल्याशिवाय बोट नाही. भाड्याच्या बोटी आणि जेट स्कीलाही हेच, आणि जेट स्कीवाल्याला थ्रॉटल न सोडता वळून दाखवायला लावा.

३. प्रत्येक बोटीत वाजणारा भोंगा, प्रत्येक लाइफ जॅकेटला शिट्टी. दिवे तपासल्याची सही झाल्याशिवाय सूर्यास्तानंतर एकही बोट जेट्टी सोडणार नाही.

४. चॅनलचा नकाशा, बॉयांसकट, जेट्टीवर मोठा करून लावा आणि मुलांचा सराव चॅनलच्या बाहेरच ठेवा. जहाज यायच्या वेळा बंदराकडून मागून घेऊन फळ्यावर लिहा.

५. मच्छीमारांच्या माणसांना बोलवा, नाहीतर आपण जाऊ त्यांच्याकडे. जाळी कुठे कधी असतात ते ते सांगतील, आपल्या बोटींनी काय त्रास होतो तेही सांगतील, ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

६. थोडक्यात वाचलेल्या प्रसंगांची वही ठेवा, कुणालाही लिहिता येईल आणि कुणालाही वाचता येईल अशी. नावं नकोत, काय झालं तेवढं पुरे. त्या मुलाचा प्रसंग ऑफिसात सांगितला तेव्हा 'काही लागलं नाही ना, मग झालं' म्हणून मिटवला गेला, तो त्या वहीत पहिला लिहायचा आहे.

तुम्ही सगळे फुकट वेळ देऊन क्लब चालवता याची मला जाणीव आहे आणि ट्रेनिंगमुळे शनिवार-रविवारी रांगा लागतात, लोक कंटाळून जातात, हेही खरं आहे. रांगेवर उपाय काढायला मी पण येतो, सकाळच्या लवकरच्या दोन बॅच मी आणि अजून दोघं-तिघं मिळून घेऊ शकतो, बोलून झालंय आमचं.

पुढची बॅच सुरू व्हायच्या आधी लेखी उत्तर मिळावं. त्या कागदाच्या तळाला 'नियम समजावून सांगितले' म्हणून क्लबच्या माणसाची सही लागते आणि ती बहुतेक वेळा जेट्टीवर जो हजर असेल त्याच्याकडून, म्हणजे माझ्याकडून घेतली जाते. सध्याच्या कागदावर ती सही मी यापुढे करणार नाही, दुसऱ्या कुणाला करायला सांगणार असाल तर त्याला हे पत्र आधी वाचायला द्या.

आपला,
शिकाऊ बॅचचा सेफ्टी बोटवाला आणि एक पालक